नाल्यातलं दगडफूल

रहांगडाले मॅडमना एकवेळ खोटं चालायचं, अंदाज चालायचा नाही. "खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असते. अंदाज करणाऱ्याला तेही नसते," असं त्या म्हणायच्या. म्हणताना समोरच्याकडे अशा बघायच्या, की आपण आत्ताच काहीतरी अंदाजे बोलून गेलो असणार अशी शंका यावी. बहुतेकदा ती खरी असायची.

त्या आमच्या गोंदियाच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी प्राणिशास्त्र. दोन प्रयोगशाळांच्या मध्ये एक भिंत, भिंतीत एक दार, आणि ते दार फुगल्यामुळे कधीच पूर्ण बंद व्हायचं नाही. माझ्याकडचा फॉर्मॅलिनचा वास त्यांच्याकडे जायचा आणि त्यांचा आवाज माझ्याकडे यायचा. मॅडम मूळच्या दवनीवाड्याच्या, पोवार, घरी धानाची शेती. वर्गात त्यांचं मराठी पुस्तकी असायचं, बाजारात हिंदी, आणि राग आला की शुद्ध झाडीबोली. त्यामुळे पोरांना काय चुकलं ते कळायच्या आधी बोलीच कळायची. "काऊन रे" ऐकू आलं की पहिला बाक मान खाली घालायचा.

अंगानं ठेंगण्या, सुती साडी, बारा महिने पायात रबरी चप्पल. पर्समध्ये पावडर-कंगवा कधी दिसला नाही. दाढीच्या ब्लेडचं अर्धं पान, एक भिंग आणि कागदाच्या पुड्या मात्र हमखास. रस्त्यानं चालता चालता कुणाच्याही कुंपणापाशी थांबायच्या, खोडावरचा नखाएवढा पापुद्रा ब्लेडनं सोडवून पुडीत टाकायच्या. एकदा आमच्या प्राचार्यांच्या बंगल्याच्या भिंतीवरचा पापुद्रा काढताना वॉचमननं त्यांना हटकलं. त्या म्हणाल्या, "चोरी नाही करून राहिले, भाऊ. भिंत तुमचीच राहील."

त्यांचा जीव दगडफुलांवर होता. मसाल्यात घालतो ते दगडफूल हे त्या कुटुंबातलं एकच नाव, त्याचे भाऊबंद पुष्कळ. पुस्तकात त्यांना शैवाक म्हणतात. बुरशी आणि शेवाळ असे दोन जीव मिळून एकाच देहात राहतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते एकच वाटतात. मॅडम पहिल्या तासाला फळ्यावर चित्र काढायच्या आणि म्हणायच्या, "घर एकाचं, चूल दुसऱ्याची. आता यात मालक कोण ते मला सांगा." वर्ग हसायचा. मॅडम हसायच्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं असायचं.

बाजारात एक किराणा दुकान होतं, तिथे मी त्यांच्यासोबत एकदाच गेलो. त्यांनी दगडफुलाच्या पोत्यात हात घातला, मूठभर माल काउंटरवर ओतला आणि त्याचे वेगवेगळे ढीग करायला बसल्या. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मसाले में सब चलता है." मॅडम वर न बघता म्हणाल्या, "मसाले में चलता है, मेरे यहाँ नहीं चलता." शेवटी त्यांनी एक ढीग निवडून त्याला सांगितलं, की तू विकतोस त्यातलं दगडफूल एवढंच, बाकीचं दुसरंच काही आहे. तो बिचारा दर वेळी त्यांना दुरून बघितलं की पोत्याचं तोंड बांधून घ्यायचा.

नंदलाल कोडापे माझ्या लक्षात राहिला तो परीक्षेच्या दिवशी. केशोरीच्या पुढच्या जंगलपट्ट्यातल्या एका गावाचा मुलगा, घरचे गोंड, शेती थोडी आणि तेंदूपत्त्याच्या हंगामावर भिस्त. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मॅडमनी एक पापुद्रा ओळखायला ठेवला होता. नंदलालनं लांबूनच बघितलं आणि नाव लिहिलं. बरोबर लिहिलं. मॅडमनी त्याला शून्य दिलं.

तो फुगलेल्या दारापाशी उभा राहून म्हणाला, "मॅडम, उत्तर तर बरोबर हाय."

"उत्तर बरोबर आहे, तू बरोबर नाहीस," मॅडम म्हणाल्या. "डोळ्यानं ओळखलंस. कापून पाहिलं का? सूक्ष्मदर्शकाखाली धरलं का? उद्या दोन सारखे दिसणारे समोर आले तर काय करशील?"

तो रागावेल असं मला वाटलं होतं. त्यानं दुसऱ्या दिवसापासून बाभळीची काडी, कांद्याची पात, जे हाती येईल ते कापायला सुरुवात केली. पुढे मॅडमच त्याच्या हाताचं कौतुक करायच्या. नंदलालचा काप बघा, म्हणायच्या, पलीकडचं वाचता येईल इतका पातळ. पदवी झाल्यावर तो गावाजवळच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागला. दिवाळीनंतर एकदा यायचा, घरचा नवा तांदूळ घेऊन. मॅडम तो घ्यायच्या आणि त्याला पुस्तक द्यायच्या.

त्यानंच एका उन्हाळ्यात फोन केला. त्यांच्या गावाला लागून एक नाला आहे, पुढे तो गाढवी नदीला मिळतो. नाल्यात एका ठिकाणी मोठे सपाट खडक आहेत, खडकांखाली डोह. डोहाच्या काठाला त्यांच्या देवाची जागा. तिथे बंधारा होणार होता. बंधारा गावाला हवाच होता, फक्त खडकांवर नको, थोडा वरच्या अंगाला हवा होता. बंधाऱ्याचे साहेब म्हणाले होते, की तिथे काही दुर्मीळ आहे असं एखाद्या जाणकारानं लिहून दिलं तर जागा बदलण्याचा विचार करता येईल. नंदलालचं म्हणणं, खडकांवर काहीतरी आहे. आणि डोहातले मासे बघायला पटले सरांनाही आणा. पटले म्हणजे मी.

आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं अर्जुनीपर्यंत गेलो, तिथून जीपनं केशोरी, पुढे नंदलालच्या मोटारसायकलवर तिघं. पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. नाला आटून डोहापुरता उरला होता आणि खडक उघडे पडून तव्यासारखे तापले होते. गावातली बरीच माणसं जमली होती. बाया, म्हातारे, नंदलालच्या शाळेतली मुलं. बंधाऱ्याचे साहेबही छत्री घेऊन आले होते.

खडकांच्या उतरत्या अंगावर काळे पापुद्रे होते. जळलेल्या कागदासारखे, कडा वर वळलेल्या. नंदलाल गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "मॅडम, हे पाण्यातलं दगडफूल वाटते. जेलीसारखं असते ते. पावसात पाण्याखाली जाते, तेव्हा भिजल्या मनुक्यासारखं फुगते. स्वच्छ पाणी असन तिथंच राहाते म्हणे."

साहेब हसून म्हणाले, "मॅडम, ये आपकाही स्टुडंट है ना? फिर तो लिखनाही पडेगा."

ते वाक्य मॅडमना लागलं. मी शेजारी उभा होतो, मला त्यांचा चेहरा दिसला. आपल्या माणसासाठी लिहून देणारी बाई, असं कुणी त्यांना म्हणेल हेच त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी वाकून नखानं एक पापुद्रा खरवडला. हातावर काळी भुकटी झाली. ती त्यांनी फुंकली, उरलेला चिमूटभर तुकडा सवयीनं पुडीत टाकला आणि म्हणाल्या, "ही वाळलेली शेवाळ आहे. पावसाळ्यात कोणाच्याही गच्चीवर येते."

"कापून बघता का, मॅडम?" नंदलालनं विचारलं. त्यानं ब्लेड आणि पाण्याची बाटलीही आणली होती.

"याला कापायची गरज नाही."

तो तरी उठेना. बाटलीचं झाकण उघडत म्हणाला, "एकदा भिजवून तरी..."

तेव्हा मॅडम बोलीवर आल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तीन वर्सं शिकला गा तू माझ्यापाशी, अन् सुकली शेवाळ ओळखता येत नाई? अन् या लेकरायले काय शिकवतेस मंग?"

आधी साहेब हसले. मग दोन-चार माणसं हसली, मग मुलं. नंदलालही थोडा हसला, पाहुण्यांसमोर हसतात तसा, आणि बाटलीचं झाकण लावून टाकलं.

परतीच्या गाडीत मॅडम खिडकीशी बसून ताठ मानेनं बाहेर बघत होत्या. नागझिऱ्याच्या बाजूचं जंगल मागे पडलं तेव्हा म्हणाल्या, "पटलेजी, ओळखीपाळखीनं विज्ञान होत नाही." मी हो म्हणालो. मासेही तसे नेहमीचेच होते.

जुलैत दुसऱ्या वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक होतं. शेवाळ दाखवायला मॅडमना नमुना हवा होता. पर्समधली ती पुडी त्यांना आठवली. काचेच्या बशीत पाणी घेऊन त्यांनी तो तुकडा त्यात टाकला आणि मुलांना काप कसा घ्यायचा ते दाखवायला बसल्या. मी पलीकडे बेडकाचा सांगाडा जोडत होतो. त्यांचा आवाज येत होता, आणि मग यायचा थांबला. 

मग दारातून त्यांनी हाक मारली. "पटलेजी, जरा बघा हो."

"मला प्राणिशास्त्रवाल्याला काय कळणार, मॅडम?"

"कळायचं नाही काही. धागे दिसतात का तेवढं सांगा."

मी डोळा लावला. हिरवट मण्यांच्या माळा होत्या, त्यांच्यामधून बारीक, रंग नसलेले धागे गेलेले, आणि वरच्या कडेला पेशींची एक सरळ रांग, कातडीसारखी. नुसत्या शेवाळात असे बुरशीचे धागे नसतात, कातडी नसते, एवढं मलाही ठाऊक होतं. बशीतला उरलेला तुकडा फुगून काळपट ऑलिव्ह रंगाचा झाला होता, ओला, गुळगुळीत, मनुक्याच्या सालीसारखा.

"दिसतात," मी म्हणालो.

"माझ्या डोळ्यांना भास नाही होऊन राहिला ना, तेवढंच पाहायचं होतं." त्या स्टुलावर बसल्या. विद्यार्थी वाट बघत होते. मॅडमनी त्यांना सांगितलं, "आज मी तुम्हाला शेवाळ म्हणून जे दाखवणार होते ते शेवाळ नाही. आणि ही चूक मी आज केलेली नाही."  मग मीच मुलांना सुट्टी दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच पॅसेंजरमध्ये बसलो. जीपमधून उतरून केशोरीला मॅडमनी एका पोराला विचारलं, कोडापे सर कुठे भेटतील? तो म्हणाला, "कोण? शेवाळ सर? साळंतच हायेत." आणि स्वतःशीच हसला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही.

नंदलाल आम्हाला नाल्यावर घेऊन गेला. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. उन्हाळ्यात आम्ही परतलो त्याच आठवड्यात खडक फोडायचं यंत्र आलं होतं. पावसाच्या आधी बंधारा उभा झाला होता, आणि त्याच्यामागे लाल गढूळ पाणी साचलं होतं. फोडलेल्या खडकांचे तुकडे काठावर पडले होते. डोहात गाळ भरला होता. देवाची जागा वाचली होती, पण तिथे आता उतरायला वाट नव्हती.

मॅडमनी पुडी काढली नाही, कापाबद्दल सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "नंदलाल, तू बरोबर होतास. मी गावाला जमवून सगळ्यांसमोर सांगते. जिथं बोलली तिथंच सांगते."

 नंदलाल पाण्याकडे बघत होता. मग शांतपणे म्हणाला, "कायले, मॅडम? तुम्ही बोलून मोकळ्या होसान अन् गोंदियाची गाडी पकडसान. मले इथंच राहाचं हाय. गावाले आता बंधारा भेटला. आता सांगसान तर लोक म्हनतीन, दोघंही मास्तर पागल हायेत."

मॅडमना इतकं कठोर कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या खाली बसल्या, ओल्या मातीवरच. तोंडावर पदर घेतला. म्हातारी होत आलेली बाई अशी रडते तेव्हा कुठे बघावं ते कळत नाही. नंदलालही दुसरीकडे बघत उभा राहिला. मोटारसायकलवर बसायच्या वेळी त्यांनी विचारलं, "मग मी काय करू?"

"खाली गाढवीपर्यंत नाला हाय," नंदलाल म्हणाला. "एखाद्या दगडावर राहिलं असन. शोधू लागा."

त्या लागल्या. पाऊस उघडल्यापासून सुट्टीच्या दिवशी मॅडम केशोरीला जायच्या. कधी मी बरोबर असायचो, बहुतेकदा नसायचो. साडी खोचून त्या नाल्यात उतरायच्या, नंदलाल पलीकडच्या काठानं. बोलणं जवळजवळ नाही. तो त्यांना मॅडम म्हणायचा, डब्यातलं जेवण वाटून घ्यायचा, पण दिवाळीनंतर तांदूळ घेऊन यायचा तो आता येत नव्हता. मॅडमनी त्याविषयी एकदाही काही म्हटलं नाही. कॉलेजातही त्या बदलल्या. पोरांवर ओरडणं थांबलं. कुणी चुकीचं सांगितलं तर "दाखव बरं," एवढंच म्हणायच्या. पोरांना ते बरं वाटायचं. मला भिंतीपलीकडची ती शांतता सोसायची नाही.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात, नाला नदीला मिळतो त्याच्या थोडं अलीकडे, जांभळाच्या मुळांच्या सावलीत नंदलालला एक दगड दिसला. पाणी त्याच्यावरून काचेसारखं वाहत होतं, आणि पाण्याखाली दगडाच्या एका बाजूला वीतभर तो पापुद्रा, फुगलेला, जिवंत. त्या दिवशी मी होतो. नंदलालनं मॅडमना हाक मारली नाही, नुसता हात वर केला. मॅडम आल्या, बघितलं, आणि त्यांनी नाव उच्चारलं नाही. पर्समधून ब्लेड काढून त्याच्यापुढे धरलं.

शाळेत एक जुना सूक्ष्मदर्शक होता. नंदलालनं काप घेतला आणि मुलांना रांगेनं बघायला लावलं. मॅडम वर्गात सगळ्यात मागे उभ्या होत्या. एका मुलीनं विचारलं, "सर, हे बंधाऱ्यावालंच होय का?"

 नंदलालनं मागे बघितलं.

"तेच," मॅडम म्हणाल्या. "तुमचे सर तेव्हा म्हणाले होते, कापून बघा. मी कापलं नाही. मला तुमच्या सरांपेक्षा माझं नाव मोठं वाटलं. हे सगळं तुमच्यासमोर झालं होतं, म्हणून तुमच्यासमोर सांगते."

 एवढ्या वयाची बाई असं बोलल्यावर काय करायचं ते मुलांना माहीत नव्हतं. मग नंदलाल म्हणाला, "चला, पुढचा नंबर कोणाचा?" आणि रांग पुढे सरकली. त्या मुलांनी त्याला शेवाळ सर म्हणणं सोडलं की नाही, मला माहीत नाही. बाजारातली मोठी माणसं म्हणतच राहिली.

निवृत्तीच्या वेळी कॉलेजातल्या एकानं मॅडमना सुचवलं, की त्या शोधावर निबंध लिहा, नाव होईल. मॅडम म्हणाल्या, "ज्याचं घर मी मोडू दिलं, त्याच्यावर माझं नाव लावू?" त्यांनी नंदलालला लिहायला सांगितलं. तो म्हणाला, "राहू द्या. पत्ता छापला की लोक खरवडाले येतीन." यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

मागच्या उन्हाळ्यात मॅडम वारल्या, दवनीवाड्याला घरीच, झोपेतच. नंदलाल तिसऱ्या दिवशी आला, सगळ्यांत मागे बसला, आणि न जेवता गेला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. त्यांना तो दगड पुन्हा एकदा बघायचा होता. गुडघे अगदी गेले होते, म्हणून मी गाडी करून घेऊन गेलो. नंदलाल नाल्यावर वाट बघत उभा होता. दगडाकडे जायची पाऊलवाट पलीकडच्या काठानं होती आणि पलीकडे जायला आता बंधाऱ्याचाच रस्ता होता; सारं गाव त्या काँक्रीटवरून ये-जा करतं, बैलही करतात. मी चढलो आणि हात पुढे केला. "या मॅडम, इथून सोपं आहे."

मॅडमनी मान हलवली. "तुम्ही जा."

मग मला कळलं, की इतक्या वर्षांत त्यांनी त्या बंधाऱ्यावर कधी पाय ठेवलेला नव्हता. त्यांनी चप्पल काढून हातात घेतली, साडी वर खोचली आणि बंधाऱ्याच्या खालच्या अंगानं पाण्यात उतरल्या. थंडीचे दिवस होते. पाणी पोटरीच्या वर होतं आणि तळाला गाळ. एक पाऊल टाकायचं, तळ चाचपायचा, थांबायचं.  नंदलालनं काठावर बूट काढले, पँट दुमडली, आणि त्यांच्या शेजारी पाण्यात उतरून त्यांच्या कोपराखाली हात धरला.

मी वर कोरड्या काँक्रीटवर उभा होतो. ते दोघं माझ्याकडे पाठ करून, हळूहळू, पाण्यातून पलीकडे चालले होते.